मिनी पीसी रोजच्या कामाला पुरतो का? (एन१०० वापरून झालेली मतं आणि काही शंका)

रानजाई

घरातला जुना टॉवर निवृत्तीला आला. विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चढत नाही, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि टेबलाखाली वाकून त्या पेटीतली धूळ काढायचा मला मनापासून कंटाळा आहे. म्हणून मिनी पीसीचा, म्हणजे छोट्या डब्याएवढ्या डेस्कटॉपचा, विचार सुरू झाला. भावाकडे इंटेल एन१०० प्रोसेसरचा एक डबा नुसताच पडून होता. तो आणला आणि गेले काही आठवडे सगळं काम त्याच्यावरच केलं. त्याबद्दल लिहिते, शेवटी शंका आहेत.

आधी काम काय ते सांगते, कारण "रोजचा वापर" प्रत्येकाचा वेगळा असतो. माझं म्हणजे ब्राउझरमध्ये पंधरा-वीस टॅब, मोठ्या स्प्रेडशीट, पीडीएफ, रोज एक-दोन व्हिडिओ कॉल, फोटो निवडून लावणं. गेम नाहीत, व्हिडिओ एडिटिंग नाही.

डब्यात काय आहे: ४ कोअर (प्रोसेसरचे काम करणारे भाग), ४ थ्रेड (एकावेळी चालणारी कामं), वेग ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत, कागदावर वीज ६ वॅट. १६ जीबी रॅमची एकच पट्टी, ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, दोन एचडीएमआय, लॅन, चार यूएसबी आणि एक यूएसबी-सी.

पहिले दोन दिवस मी खूश होते. सुरू पटकन होतो, पानं भराभर उघडतात, ४के व्हिडिओ अडखळत नाही. जुन्या टॉवरपेक्षा सरस, यात वाद नाही. मग एकदा कॉल चालू असताना मागचं दृश्य धूसर केलं, स्क्रीन शेअर केली आणि त्याच वेळी शीटमध्ये आकडे भरायला लागले. टाइप केलेलं दिसायला उशीर. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर शंभर टक्क्यांना चिकटलेला, आणि पंखा इतका चिरका की समोरच्याने विचारलं, "कसला आवाज येतोय?"

त्यामुळे मत असं झालंय की पाच मिनिटांच्या चाचणीत हे सगळे डबे पास होतात. व्हिडिओतल्या परीक्षणांमध्येही तेच दाखवतात: बूट किती सेकंदांत झाला, एसएसडीचा आकडा किती आला. तासभर काम केल्यावर काय होतं ते कोणी दाखवत नाही.

आता शंका. हाच वर्ग ठेवावा की एक पायरी वर एएमडीच्या रायझन प्रोसेसरकडे जावं? ऑफिसांतून निघालेले जुने छोटे डेस्कटॉप मिळतात ते कसे? ॲपलचा मॅक मिनी कोणी वापरतं का? आणि आवाजाचं काय करता?

अर्धवटराव

वाचतोय. मलाही घ्यायचाय. वा.खू. (वाचनखूण) साठवली.

सर्किटराव

रानजाई, छान लिहिलंय. तुमच्या कॉलच्या वेळी काय झालं ते सांगतो.

एन१०० हा २०२३ च्या सुरुवातीचा प्रोसेसर. त्यातले चारही कोअर इंटेलच्या मोठ्या प्रोसेसरांमध्ये जे "एफिशिएन्सी कोअर" असतात त्या जातीचे. मोठा कोअर एकही नाही. एकावेळी एक काम दिलं तर ते पुरून उरतात, म्हणून पानं भराभर उघडतात. ४के व्हिडिओचं श्रेय प्रोसेसरचं नाहीच, तिथे ग्राफिक्समधला वेगळा डीकोडर राबतो, आणि या चिपमध्ये तो एव्ही१ सकट सगळे आजचे फॉरमॅट सांभाळतो. पण पार्श्वभूमी धूसर करणं म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये माणूस कुठे आणि भिंत कुठे हे ओळखणं. त्यावर स्क्रीन शेअर म्हणजे व्हिडिओ तयार करून पाठवणं. चार छोटे कोअर तिथे संपले.

दुसरी गोष्ट रॅमची. एन१०० ला मेमरीचं चॅनेलच एक. दोन पट्ट्या लावून वेग वाढवायचा मार्ग बंद. इंटेलच्या कागदावर कमाल १६ जीबी आहे. लोक ३२ ची पट्टी लावून चालवतात आणि बहुतेकांची चालते, पण ते स्वतःच्या जबाबदारीवर. खरी सावधगिरी वेगळीच आहे: काही डब्यांत रॅम बोर्डलाच सोल्डर केलेली असते, तीही ८ जीबी. तो घेऊ नका. स्वस्तात दिला तरी नको.

तिसरी गोष्ट ६ वॅटची. तो आकडा बराचसा कागदोपत्री. इंटेलच्या चिपला दोन मर्यादा असतात, पीएल१ आणि पीएल२. पीएल२ म्हणजे थोडा वेळ धावताना किती वीज खायची परवानगी, पीएल१ म्हणजे सतत चालताना किती. डबा बनवणारा या दोन्ही बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) स्वतःच्या मर्जीने ठरवतो. त्यामुळे एकच एन१०० एका डब्यात थंड आणि संथ, दुसऱ्यात चपळ आणि तापट. पुढच्या वेळी एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालू ठेवा आणि पंधरा मिनिटं काम झाल्यावर तापमान, वॅट आणि वेग पाहा. वेग सुरुवातीपेक्षा बराच उतरला असेल तर डब्याचं कूलिंग कमी पडतंय. वेग टिकून आहे आणि तरी काम अडतंय, तर चिपच अपुरी.

एसएसडीचे आकडे मात्र विसरा. या चिपला पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या एकूण ९ लेन (डेटाच्या वाटा). त्यातूनच लॅन, वाय-फाय, सगळं. एसएसडीच्या वाट्याला अनेकदा एक किंवा दोनच लेन येतात. एका लेनचा वेग सेकंदाला साधारण १ जीबीच्या आत. एसएसडीच्या खोक्यावर ३५०० एमबी लिहिलेलं असलं तरी तो इथे मिळणार नाही. आणि तुमच्या कामात तो न मिळाल्याचं कळणारही नाही.

तिरकी रेघ

मुळात हा खटाटोप कशाला? मॉनिटर घ्या, कीबोर्ड घ्या, वेबकॅम घ्या, स्पीकर घ्या, मग म्हणा "छोटा कॉम्प्युटर". टेबलावर वायरींचं जाळं. लॅपटॉपमध्ये हे सगळं असतं, वर बॅटरी पण.

रानजाई

@तिरकी रेघ, मॉनिटर आणि कीबोर्ड घरात आहेतच. वेबकॅम मात्र घ्यावा लागला, हे खरं. डब्यात ना कॅमेरा ना माइक. एका डब्यात "स्पीकर" आहे असं लिहिलेलं असतं म्हणतात, याच्यात नाही. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी हा सगळा खर्च धरूनच तुलना करावी, इतपत सहमत.

हळूबाई

लॅपटॉप कायम टेबलावर प्लग लावून ठेवला की बॅटरी सतत पूर्ण भरलेली आणि गरम राहते. काही वर्षांत ती फुगते. आमच्याकडे एकाचा टचपॅड वर उचलला गेला, तेव्हा कळलं. आता चार्ज ८० टक्क्यांवर थांबवायची सोय बऱ्याच लॅपटॉपमध्ये असते, ती आधी शोधून चालू करा. मानेचंही आहेच: लॅपटॉपचा पडदा खाली, मॉनिटर डोळ्यांसमोर. जो माणूस हलत नाही त्याला फिरतं मशीन कशाला?

पण वीज गेली की मिनी पीसी जागेवर बंद, हे मान्य करायला हवं. यूपीएस नसेल तर अर्धवट शीट गेली. मशीन इतकी कमी वीज खातं की छोटा यूपीएससुद्धा बराच वेळ चालतो. फक्त मॉनिटर त्याच यूपीएसवर घ्यायला विसरू नका. नाहीतर कॉम्प्युटर चालू आणि पडदा काळा.

जुनाट

ऑफिसांतून निघालेल्या छोट्या डेस्कटॉपबद्दल विचारलंय म्हणून लिहितो. अनेक वर्षं हेच बसवायचं आणि काढायचं काम केलंय, त्यामुळे प्रतिसाद लांबेल.

लेनोव्हो थिंकसेंटर टायनी, एचपी एलिटडेस्क मिनी, डेल ऑप्टिप्लेक्स मायक्रो, ही ती तीन घराणी. आकारमान साधारण एक लिटर, म्हणून "एक लिटरवाले" म्हणतात. आत टॉवरच्याच जातीचा पण ३५ वॅटवर आणलेला प्रोसेसर असतो. नावाच्या शेवटी "टी" दिसला की तो. ही मशीनं कंपन्यांसाठी बनवलेली. दिवसभर चालायची, आणि बिघडली तर माणसाने दोन मिनिटांत उघडून दुरुस्त करायची. झाकण एका स्क्रूवर. रॅमच्या दोन जागा. बायोसचे अपडेट बनवणाऱ्याच्याच साइटवर, तेही वर्षानुवर्षं. बेनामी नव्या डब्यांत नेमकं हेच मिळत नाही.

घेताना पिढी बघा. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची ८ वी पिढी किंवा पुढची लागते, सोबत टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय. म्हणजे आय५-८५००टी चालेल, आय५-६५००टी आणि ७५००टी नाही. विक्रेता "विंडोज ११ टाकून देतो" म्हणतो तेव्हा ते तपासणीला बगल देऊन टाकलेलं असू शकतं. ते आज चालतं. पुढच्या मोठ्या अपडेटला काय होईल याची हमी कोणी देत नाही. लिनक्स वापरणार असाल तर सहावी-सातवी पिढीही मजेत चालते.

८५००टी मध्ये ६ कोअर, सगळे मोठे. एका कोअरच्या कामात एन१०० त्याच्या जवळपास जातो, सगळे कोअर कामाला लागले की मागे पडतो. रानजाईंच्या कॉलच्या प्रसंगात नेमका हाच फरक पडेल. उलट बाजू: त्याच्या ग्राफिक्समध्ये एव्ही१ चा डीकोडर नाही. यूट्यूबने एव्ही१ पाठवला तर प्रोसेसरला राबावं लागतं. १०८०पी ला जाणवत नाही, ४के ला जाणवतं.

हातात घेतल्यावर काय बघायचं? सगळ्यात आधी बायोसमध्ये शिरा. पासवर्ड मागितला तर तिथेच परत द्या, तो काढणं तुमचं काम नाही. मग विंडोज नव्याने टाका आणि इंटरनेटला जोडून सुरुवातीचे प्रश्न येऊ द्या. "अमुक कंपनीत स्वागत आहे" असा पडदा आला, तर ते मशीन अजून जुन्या मालकाच्या नोंदीत आहे आणि ती नोंद तोच काढू शकतो. हे इंटरनेट न जोडता इन्स्टॉल केलं तर लपून राहतं, म्हणून मुद्दाम जोडूनच करा. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एसएसडी किती तास चालली आणि तब्येत किती टक्के ते दिसतं.

वाय-फाय आहे का ते विचाराच. ऑफिसात लॅन असते, त्यामुळे बऱ्याच मशीनमध्ये कार्डच बसवलेलं नसतं. अँटेनाची वायरही नसते. आणि मागे एचडीएमआयऐवजी दोन डिस्प्लेपोर्ट निघतात. ४के मॉनिटर ६० हर्ट्झवर (सेकंदाला ६० चित्रं) हवा आणि त्याला फक्त एचडीएमआय असेल, तर साधा स्वस्त कन्व्हर्टर अनेकदा ३० हर्ट्झवर अडकतो, ॲक्टिव्ह प्रकारचा घ्यावा लागतो. ३० हर्ट्झवर माउसचा बाण पाण्यातून चालल्यासारखा वाटतो आणि माणूस उगाच प्रोसेसरला दोष देतो.

ॲडॉप्टर मूळचाच हवा. डेल आणि एचपीची मशीनं ॲडॉप्टर ओळखतात. ओळख पटली नाही की वेग मुद्दाम खाली ठेवतात. "मशीन स्लो आहे" म्हणून आलेल्या तक्रारींत हे कारण मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

अवांतर: हा आकार लोकांच्या डोळ्यांत भरला तो २००५ च्या जानेवारीत, ॲपलने पहिला मॅक मिनी आणला तेव्हा. मग इंटेलने सुमारे दहा सेंटिमीटर चौरस बोर्डावर एनयूसी नावाचा छोटा कॉम्प्युटर काढला आणि पुढचे सगळे त्याच मापावर आले. २०२३ च्या जुलैत इंटेलने एनयूसीत स्वतः पैसे घालणं थांबवलं, आता ते नाव असुसकडे आहे.

अर्धवटराव

जबरदस्त माहिती, जुनाट. माझा प्रश्न रायझनचा. एकीकडे ७५२०यू आहे, दुसरीकडे ५६००यू. पहिला आकडा मोठा म्हणजे नवीन, बरोबर ना?

सर्किटराव

चूक, आणि यात तुमचा दोष नाही. एएमडीने ही नावं लोकांना चकवण्यासाठीच ठेवली असावीत असा मला दाट संशय आहे.

७००० मालिकेत पहिला आकडा फक्त वर्ष सांगतो. आतली रचना कुठली ते तिसऱ्या आकड्यात लपलंय. ७५२०यू मधला तिसरा आकडा २, म्हणजे झेन २ (झेन हे त्या रचनेचं नाव, पुढचा आकडा मोठा तितकी ती नवी). ७५३०यू म्हणजे झेन ३. ७८४०एचएस म्हणजे झेन ४. आणि ७७३५एचएस म्हणजे झेन ३+, तिथे शेवटचा ५ "अधिक"चा. तुमचा ५६००यू झेन ३, शिवाय ६ कोअर. ७५२०यू ला ४. जुन्या आकड्याचा प्रोसेसर इथे सरळ वरचढ आहे.

५००० मालिकेत तर हा नियमही चालत नाही. ५५००यू आणि ५७००यू झेन २, त्यांच्या मधला ५६००यू झेन ३. पाठ करायचा प्रयत्न करू नका. घ्यायच्या आधी प्रत्येक नाव एएमडीच्या साइटवर टाकून पाहा.

रानजाईंच्या कामाला ५६००यू किंवा ७५३०यू च्या वर जायची गरज दिसत नाही. एक लक्षात ठेवा: रायझनचं ग्राफिक्स स्वतःची मेमरी बाळगत नाही, रॅममधूनच घेतं. म्हणून १६ ची एक पट्टी नको, ८-८ च्या दोन घ्या. एकच पट्टी लावून विकलेले मिनी पीसी भरपूर आहेत. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर किती स्लॉट भरलेत ते दिसतं.

कानोसा

आवाजावर कोणी बोललं नाही म्हणून मी. माझे कान या बाबतीत जरा जास्तच तिखट आहेत.

पंखा जितका लहान, तितका तेवढीच हवा हलवायला जास्त गरगरावा लागतो, आणि वेग वाढला की सूर चढतो. टॉवरमधला १२ सेंटिमीटरचा पंखा घुमतो, मिनी पीसीतला इवलासा किंचाळतो. डेसिबलचा आकडा दोघांचा सारखा असला तरी दुसरा जास्त त्रास देतो. त्याहून वाईट म्हणजे चढउतार. एक पान उघडलं की पंखा वर, वाचायला लागलं की खाली, पुन्हा वर. सतत एकसारखा आवाज मेंदू विसरतो, हा विसरू देत नाही.

उपाय बायोसमध्येच असतो. पंखा कोणत्या तापमानाला सुरू व्हायचा आणि किती चढायचा ते काही डब्यांत बदलता येतं. तापमान ७०-७५ अंशांपर्यंत जाऊ दिलं तरी प्रोसेसरचं काही बिघडत नाही. यांची मर्यादा १०० च्या आसपास असते. सोय नसेल तर सर्किटरावांनी सांगितलेला पीएल२ थोडा खाली आणा. वेगाचा तुटवडा फारसा जाणवत नाही, पंख्याचा थयथयाट मात्र थांबतो.

बिनपंख्याचे डबेही मिळतात, बाहेरून पन्हाळी पत्र्यासारखे दिसणारे. एन१०० वर्गात ते ठीक. पण आतल्या एसएसडीला हवा मिळत नाही, तिचं तापमान तपासत राहा.

तिरकी रेघ

सगळे "वीज वाचते" म्हणून हे घेतात, त्याचं कोणी गणित मांडलंय का? मी मांडतो. टॉवर रिकामा बसून ५० वॅट खातो असं धरा, हा डबा ८. रोज दहा तास. वर्षाला टॉवर साधारण १८२ युनिट, डबा २९. फरक दीडशे युनिट. मॉनिटर दोन्हीकडे तोच आणि तो एकटाच २०-३० वॅट खातो. चोवीस तास चालू ठेवणार असाल, म्हणजे घरातल्या फाइल्स आणि बॅकअपसाठी, तर ४३८ आणि ७०. तिथे फरक खरा. दिवसा वापरून रात्री बंद करणाऱ्याने विजेच्या नावाखाली नवीन मशीन घेऊ नये, मन मारवत नाही म्हणून घ्यावं आणि तसं कबूल करावं.

रानजाई

तिरकी रेघ, पहिल्यांदाच तुमच्याशी पूर्ण सहमत. 😄

मितभाषी

बेनामी डबा असेल तर सोबत आलेलं विंडोज वापरू नका. पुसून नव्याने टाका. काहींमध्ये कंपन्यांना घाऊक दिलं जाणारं लायसन्स एकेकट्या ग्राहकाला चिकटवलेलं असतं, आणि २०२४ मध्ये एका ब्रँडच्या मिनी पीसीत कारखान्यातूनच मालवेअर आल्याचं उघड झालं होतं. पुसण्याआधी ड्रायव्हर पेनड्राइव्हवर काढून ठेवा, विशेषतः वाय-फायचा.

हळूबाई

मॅक मिनीबद्दल. माझ्याकडे एम४ चिपवाला आहे, २०२४ च्या शेवटी आलेला तो. १२.७ सेंटिमीटर चौरस, ५ सेंटिमीटर उंच, आणि पॉवर सप्लाय आतच. बाकीच्यांचा डबा छोटा दिसतो, पण टेबलामागे लोंबणारा ॲडॉप्टर कोणी फोटोत दाखवत नाही. १६ जीबी रॅम मुळातच मिळते. रानजाईंनी लिहिलेलं सगळं एकदम केलं तरी पंखा ऐकू येत नाही. कामाच्या बाबतीत या धाग्यातल्या सगळ्यांच्या पुढे आहे, त्यात मला शंका नाही.

आता कुरकुर. पॉवरचं बटण तळाला आहे, मशीन तिरकं करून दाबायचं. मी ते बंदच करत नाही, स्लीपवर ठेवते. जुन्या चौकोनी यूएसबीची एकही जागा नाही, सगळ्या सी. त्यामुळे प्रिंटर, पेनड्राइव्ह, माउसचं डोंगल (बिनवायरी माउसचा छोटा रिसीव्हर), सगळ्यांसाठी हब. रॅम नंतर वाढत नाही, घेताना जे घेतलं ते कायमचं. मूळ स्टोरेज २५६ जीबी, फोटोवाल्यांना बाहेरची एसएसडी लागणारच.

आणि एक गोष्ट मॉनिटरची. साध्या १०८०पी मॉनिटरवर मॅकची अक्षरं विंडोजपेक्षा पुसट दिसतात. अक्षरांच्या कडा रंगांच्या मदतीने धारदार करायची जुनी पद्धत ॲपलने २०१८ मध्ये बंद केली. ४के वर सुंदर दिसतं. म्हणजे जुना मॉनिटर ठेवून पैसे वाचवायचा बेत असेल तर आधी कोणाकडे जाऊन तुमच्याच आकाराच्या मॉनिटरवर तासभर वाचून बघा.

अर्धवटराव

यूएसबी-सी वरून मॉनिटर जोडता येतो ना सगळ्यांत?

सर्किटराव

नाही. सी म्हणजे फक्त भोकाचा आकार. काहींत नुसता डेटा जातो, काहींत डेटा आणि चित्र, काहींत वीजही आत येते. तिन्ही असेल आणि मॉनिटर पुरेशी वीज पुरवणारा असेल तर मॉनिटरपासून मिनी पीसीपर्यंत एकच केबल, ॲडॉप्टरची सुट्टी. हे जमलं की मिनी पीसी खरा मिनी होतो. मात्र मॅन्युअलमध्ये "डिस्प्ले" आणि "पीडी" (म्हणजे विजेची सोय) हे दोन्ही शब्द त्या पोर्टासमोर लिहिलेले दिसले पाहिजेत. एचडीएमआयचंही बघा: १.४ असेल तर ४के ला ३० हर्ट्झ, २.० असेल तर ६०.

रानजाई

सगळ्यांचे आभार. थोडं करून पाहिलं, ते सांगते.

पंधरा मिनिटांच्या कॉलनंतर एचडब्ल्यूइन्फोमध्ये वेग जवळपास टिकून होता. म्हणजे सर्किटरावांच्या हिशेबाने डबा बरा आहे, चिप अपुरी पडतेय. पार्श्वभूमी धूसर करणं बंद केलं की प्रोसेसर निम्म्यावर येतो आणि शीट चालते. पीएल२ उतरवल्यावर पंखा बराच शांत झाला, कानोसा यांना धन्यवाद.

एक नवीन भानगड निघाली. डबा मॉनिटरच्या मागे अडकवला (मॉनिटरमागे बसवायची ७५ मिलिमीटरची व्हेसा पट्टी सोबत आली होती), तेव्हापासून बिनवायरी माउस मधेच अडखळतो. बाहेरची हार्ड डिस्क काढली की नीट चालतो.

सर्किटराव

यूएसबी ३ चा परिणाम. वेगवान यूएसबीच्या तारांतून आणि जोडांतून जो रेडिओ गोंगाट निघतो तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो. इंटेलने स्वतः २०१२ मध्ये त्यावर टिपण काढलं होतं. माउसचं डोंगल त्याच पट्ट्यात बोलतं. टॉवरमध्ये डोंगल पुढे आणि डिस्क मागे लावायचो, मध्ये हातभर अंतर आणि पत्रा. इथे सगळी भोकं शेजारी. डोंगल छोट्या एक्स्टेन्शन केबलने मॉनिटरच्या पुढे आणा. वाय-फायही २.४ वर असेल तर ५ वर घ्या. मॉनिटरच्या मागे तसाही सिग्नल दबतो.

रानजाई

एक्स्टेन्शनने माउस सुधारला. 🙏

निर्णय असा: एन१०० चा डबा आईबाबांकडे जाईल. बातम्या, व्हिडिओ, बिलं भरणं, आठवड्याला एक कॉल, एवढ्याला तो उत्तम आहे आणि त्यांच्याकडे मॉनिटर आहेच. माझ्यासाठी ८ व्या पिढीपेक्षा थोडं पुढचं, सहा कोअरचं एक लिटरवालं बघतेय. मॅकचा मोह झाला होता, पण माझा मॉनिटर १०८०पी आहे आणि दोन्ही एकदम बदलायची तयारी नाही.

जुनाट

वाय-फाय कार्ड विचारायला विसरू नका. आणि विक्रेत्याकडे परतीची मुदत लेखी घ्या. नोंदीतलं कुलूप निघालं तर तीच कामाला येते.

अर्धवटराव

शेवटचा प्रश्न. माझ्या जुन्या राउटरचा ॲडॉप्टर आहे, पिन तंतोतंत बसते मिनी पीसीला. वापरू का?

जुनाट

थांबा, लावू नका! पिन बसणं म्हणजे काहीच नाही. यातले बरेच छोटे डबे १२ व्होल्टवर चालतात, काही १९ वर, आणि पिन दोघांची सारखी असू शकते. १२ च्या डब्याला १९ दिले तर बोर्ड जाऊ शकतो. उलट केलं तर बहुधा सुरूच होणार नाही. डब्याच्या तळाचं लेबल वाचा: व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनचं आतलं टोक धन आहे का याची खूण दोन्हीकडे सारखी. राउटरचे ॲडॉप्टर बहुतेक १ ते २ अँपिअरचे असतात, या डब्यांना ३ लागतात. म्हणजे व्होल्ट जुळले तरी सुरू होईल आणि जोर पडला की बंद पडेल. लेबलावर काय लिहिलंय ते इथे टाका, मग सांगतो.